सात फरश्या

केशवनगरच्या शेवटच्या सोसायटीची भिंत संपते
तिथून आमच्या पत्र्यांचा आवाज सुरू होतो.
साडेसातला मी बूट बदलते,
कमरेला उकडलेल्या कोंबडीची पिशवी बांधते
आणि अकरा नंबरच्या पिंजऱ्यात शिरून जमिनीवर बसते.
तोंड भिंतीकडे, खांदा त्याच्याकडे.
त्याच्याकडे बघायचं नाही, याचा मला पगार मिळतो.

त्याचं नाव कारकून.
इरफानभाईंनी ठेवलं, कारण तो आल्यागेल्याकडे
असा बघतो, जणू तुमच्या अर्जाला
एक झेरॉक्स कमी आहे.
फुरसुंगीला भंगाराच्या दुकानामागे सापडला,
गळ्यात तार, तार मांसात रुतलेली.
तार डॉक्टर सबनीसांनी वीस मिनिटांत काढली.
उरलेलं माझ्याकडे दिलं.

आई लग्नाकार्यात सांगते, आमची कुत्र्यांची मास्तरीण.
मावसकाका विचारतात, मग शेकहँड शिकवतेस का?
काय सांगणार.
मी शिकवत काहीच नाही, फरश्या मोजते.
पहिला आठवडा सात फरश्यांवरून गुरगुर.
नवव्या दिवशी सहा.
मग कुणी बाहेर बादली आपटली, परत सात.
तक्त्यात लिहिते: कान मागे. शेपूट पोटाखाली.
ओठ चाटले, तीनदा.
जांभई. झोपेची नव्हे.

याचा तोटा असा की आता सगळीकडे तेच दिसतं.
बँकेत काउंटरशी ओठ चाटत उभे असलेले आजोबा.
स्वारगेटला, नवरा बोलत असताना
बसच्या पाटीकडे मान वळवून राहिलेली बाई.
आणि फार जुनं, आमच्याच घरातलं:
बाबांची स्कूटर गेटशी बंद झाली की
आईच्या हातातलं भांडं
क्षणभर थांबायचं, मग पुन्हा घासायला लागायचं.
त्याचा तक्ता कुणी ठेवला नाही.

परवा लोहगावहून ते लढाऊ विमान उठलं,
जे स्वतः पुढे निघून जातं आणि आवाज मागे सोडतं.
एरवी मला कळतं आधी, मी तयार असते.
परवा डोक्यात घरमालकाचा फोन होता,
दोन हजारांनी वाढलेलं भाडं होतं,
आणि मी दचकले.
चांगली दचकले, खांदे कानांना लागले,
पिशवी उलटली, कोंबडी फरशीभर.
चाळीस कुत्री एकदम भुंकत होती.
अकरा नंबरमध्ये मात्र नखं वाजली.
टक टक. थांबून, टक.

कोंबडीसाठी आला असेल,
मी तसं लिहूनही टाकलं असतं.
पण कोंबडी होती तिथेच होती
आणि दोन फरश्यांवर तो उभा होता,
माझ्याकडे न बघता.
तोंड भिंतीकडे, खांदा माझ्याकडे.

किती वेळ, ते सांगता येत नाही.
घड्याळ ज्या हातात होतं तो हात हलवायचा नव्हता.
मग गुलाबताई पाण्याचा पाइप ओढत आल्या
आणि तो गेला कोपऱ्यात, परत आपल्या टेबलाशी.

तक्त्यात 'अंतर'खाली दोन लिहिलं.
'कारण'च्या रकान्यात पेन नुसतं टेकलं,
शाईचा एक ठिपका पडला, तो तसाच आहे.

रविवारी बाणेरचं एक जोडपं आलं.
त्यांना पिल्लू हवं होतं, पांढरं असेल तर बरं.
नवरा फोटो काढत पुढे गेला.
ती अकरा नंबरशी रेंगाळली.
याला नाही का कुणी नेत?
वेळ लागेल, मी म्हटलं.
किती?
मी खाली फरश्यांकडे बोट केलं.
तिला वाटलं, बस म्हणतेय.
ती बसली की जाळीबाहेर, पर्स मांडीवर घेऊन,
पूर्ण तोंड त्याच्याकडे करून चुचकारत.
तो कोपऱ्यात आणखी आक्रसला.

जरा वळा, मी म्हटलं. भिंतीकडे.
आणि?
आणि काही नाही.
ती वळली.