शून्य वाजत नाही

मकांडाच्या खाडीत, दोन्हीकडे कांदळवन,
मधल्या चिखलात मामाचं गलबत एका कुशीवर निजलं.
साखरेची पोती, तीन शेळ्या,
नवरीसाठी चाललेलं आरशाचं कपाट,
आणि मी, फोन घेऊन.

आदल्या रात्री मामाला ताप होता.
डोळे न उघडताच विचारलं, उद्या भरती कधी?
मी वाचून दाखवलं: सात.
ॲप आमच्या भाषेत बोलत होतं,
म्हणून मी आमच्या भाषेत ऐकलं.

लामूत घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
तुमचे सकाळचे सात, तो आमचा एक.
आमचे सात म्हणजे माध्यान्ह टळल्यावर.
फरक सहाचा,
आणि भरतीपासून ओहोटीही तितकीच लांब.
एवढी नेमकी चूक
समुद्रालाच जमावी.

नवरीची आई कपाटाला टेकून
पाणी येईपर्यंत बोलत होती:
"हिला शिकवलं कशाला?"
शेळी आरशातल्या शेळीला ढुशी देत होती.

त्या रात्री मी ॲपच्या पोटात शिरले.
कुणीही यावं, बघावं, म्हणून कोड उघडाच ठेवलेला,
तरी पाय उचलेना.
आमच्याकडे दारात थांबून विचारतात, "होडी?"
आतून "करीबू" आलं की मगच पाऊल.

मी चार ओळी लिहिल्या. तासातून सहा वजा.
सोबतच्या पत्रात तीनदा
"माफ करा, मी नवीन आहे."
दोन खोडले. एक राहून गेलं.
पाठवलं, आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

एकोणीस दिवस आतून आवाज नाही.
हाफ्सवाच्या दुकानात गोळ्या मोजताना
मी दहाच्या पाकिटात नऊ घातल्या,
गिऱ्हाईक परत आलं.

मग ओड्वारचं उत्तर. ट्रोम्सोहून.
"छान. पण पहाटे सहाला तुमचं घड्याळ शून्य दाखवतंय.
तुमच्याकडे शून्य वाजतं का?"

कानाच्या पाळ्या तापल्या.
मामा फळ्यांच्या फटींत
तेलात बुडवलेला कापूस ठोकत होता.
मामा, शून्य वाजतं का रे?
"रात्रीचे बारा संपतात, दिवस पाय टाकतो.
मध्ये रिकामं काही असेल
तर गलबतात पाणी नाही का शिरणार?"

पाचवी ओळ मी तिथेच लिहिली, वाळूत बसून:
शून्य आलं, तर बारा म्हण.

ओड्वारने ती घेतली.
खाली आणखी एक वाक्य होतं, कामाचं नसलेलं:
"आमच्या गावातला सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारीत येतो.
तुमच्यासारखं मोजायचं ठरवलं
तर माझे आत्ता किती वाजले?"

मला उत्तर सुचलं नाही.
दुसऱ्या दिवशी घाटावरून, सूर्य वर येताना,
एवढंच लिहिलं: इथे बारा.

यादीत माझं नाव आलं. मवानाखेरी बकारी.
खेरीतला एक र जास्त पडलाय,
तो दुरुस्त करायचं अजून धाडस नाही.

मामाला दाखवलं. त्याने चष्मा शोधला नाही.
पाण्याकडे पाहिलं,
मग कांदळाच्या मुळांवरच्या ओल्या रेघेकडे.
"नवाला निघू."
फोनही नऊच म्हणत होता.
"शिकला म्हणायचा,"
मामा म्हणाला.
माझ्याकडे न बघता, फोनला.