पी.पी. नंबर

रामबागेतल्या आमच्या गल्लीत अकरा घरं आणि फोन एक.
तो आमच्याकडे, कारण बाबा टेलिफोन खात्यात
खांबांवर चढायचे.
नंबर पाच आकडी,
पण छापला जायचा सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर,
पुढे कंसात पी.पी.
ते पी.पी. म्हणजे मी.
वय वर्षं नऊ, स्लीपरचा एक पट्टा सेफ्टी पिनेवर.

"होल्ड करा हं," म्हणत आई रिसीव्हर
क्रोशाच्या रुमालावर आडवा ठेवायची
आणि मी सुटायची.

धारकर मामींकडे मराठीत ओरडायचं,
गनी मास्टरांकडे हिंदीत, मशीन थांबेपर्यंत.
कासलीवालांकडे ओरडायचं नाही,
अम्माजी सामायिकाला बसलेल्या असायच्या.
दारात उभं राहून नुसती
कानाशी मूठ धरायची.

लोक असतील तसे यायचे.
कणकेचे हात, अर्धी दाढी, गळ्यात टेप.
मामी एकदा डोक्याला मेंदी थापून आल्या,
रिसीव्हरला महिनाभर वास होता.
जेवढं गाव लांब तेवढा आवाज मोठा:
देवासला साधा, भुसावळला चढा,
आणि मास्टरांचा सलीम कुवेतला, तेव्हा
अख्खी गल्ली.
आई निवडलेली डाळ पुन्हा निवडायची.

एकदाच मी चालत गेले.
फोन बाबांनी घेतला होता. म्हणाले, "मास्टरांना बोलाव.
आणि पळू नकोस."
साठ पावलं असतील.
तेवढ्यात मला कळलं की माझ्या हातात काहीतरी आहे
आणि ते सांडायचं नाही.
मास्टर काज करत होते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे,
आणि सुई हळूच कापडात खोचली.
मी तोंड उघडलंच नाही.

आता लेकीचा निहार, वय नऊ,
वरच्या खोलीतून खाली मला मेसेज टाकतो: भूक.
मी खालून अंगठा पाठवते.
नावं ठेवत नाही मी त्याला.
हेडफोन घालून तो कोचीच्या आणि ऑस्लोच्या पोरांशी
तीन भाषांत भांडतो.
मी दोनच शिकले होते.

"बोलवायला जायचे पैसे मिळायचे?"
"लिमलेटची गोळी. कधीकधी."
"आणि माणूस घरी नसला तर?"
"शेजारी विचारायचं. मग देवळात. मग पिठाच्या गिरणीवर."
"आणि फोन?"
"फोन वाट बघायचा."
तो थोडा वेळ गप्प.
"चार्जिंग संपत नव्हतं?"

परवा धारकर मामींच्या वीणाचा फोन आला, नाशिकहून.
लग्न होऊन गेली तेव्हा ती दर गुरुवारी करायची,
बूथमध्ये उभी राहून, डोळे मीटरवर.
म्हणाली, "तू आईला आणायला पळायचीस ना,
तेव्हा मी तुमचं घर ऐकत बसायची.
कुकर, सायकलची घंटी,
तुझ्या भावाचं पाढे म्हणणं, सतरा सक्कं नेहमी चुकायचा.
कोणी माझ्याशी बोलत नसायचं.
पैसे पडत असायचे.
कधी वाटायचं, आई जरा उशिरानंच येऊ दे."

मला काय बोलावं सुचेना.
"थांब हं," म्हटलं, "दूध बघून येते,"
आणि मोबाईल ओट्यावर आडवा ठेवला.
दूध अजून तापलंही नव्हतं.
तरी मी तिथंच उभी राहिले,
नळ जरा सोडला,
दोन भांडी उगाच इकडची तिकडे केली
आणि जिन्याशी जाऊन, किती वर्षांनी कोण जाणे,
मोठ्यानं हाक मारली:
"निहार! जेवायला!"