एकोणिसावी अट

लिएपायात समुद्र बंदरापाशी थांबत नाही,
वाऱ्याच्या पाठीवर बसून
आमच्या कचेरीच्या जिन्यापर्यंत येतो.
दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं
शहराच्या उबेचा हिशोब ठेवतो:
कुठल्या इमारतीत किती गरम पाणी गेलं,
कोण किती देणं लागतं,
कुणाची झडप बंद करायची.

आम्ही म्हणजे, ठेवते ती प्रणाली.
आम्ही फक्त तिला सांभाळतो,
घरातल्या तिरसट आत्येला सांभाळावं तसं,
तिच्या झोपेच्या वेळा पाळून,
तिच्यासमोर आवाज न चढवता.
एकतीस डिसेंबरच्या रात्री तिला एकटं सोडायचं नाही
हा नियम कुठंही लिहिलेला नाही.

मग रीगाहून माणसं आली.
तीन वर्षांचा आराखडा, सहा टप्पे,
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या,
एका चिठ्ठीवर एक गरज.
गुंटिसनं विचारलं, चिठ्ठी गळून पडली तर गरज भागली समजायची का?
कुणी हसलं नाही.
रात्रभर रेडिएटर तापला, डिंक सुटला,
आणि सकाळी झाडणाऱ्या बाईनं
अकरा गरजा केरात भरल्या.
त्यांतल्या नऊ कुणालाच आठवल्या नाहीत.

मला काम लागलं जुन्या अटी उतरवून काढायचं.
दोनशे चौदा.
कितीतरी रुबलच्या काळातल्या.
रुबल गेला, लात आला, लात गेला, युरो आला,
शंभरानं भागायचं तेवढं
मागे राहिलं.
अन् ही एकोणिसावी:
घर चारशे सतरा असेल तर झडप बंद करू नये.
तारीख, नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशी.
सही, आय. एस.
कारण, कोरं.

चारशे सतरामध्ये आज एक दंतवैद्य राहतो.
बिल वेळच्या वेळी भरतो.
आपल्या डोक्यावर कुणाची मेहेरनजर आहे
याचा त्याला पत्ता नाही.

आय. एस. म्हणजे इल्गा स्ट्राउत्माने.
निवृत्त होऊन वीस वर्षं झाली,
शहराबाहेर सफरचंदांची चार झाडं घेऊन राहते.
बसमध्ये मी गोष्ट रचत गेले:
न परतलेली मासेमारीची बोट,
थकलेलं बिल, खोलीत काकडणारं पोर,
आणि कचेरीत उशिरापर्यंत थांबलेली एक बाई
साहेबाला न विचारता
एकच ओळ लिहिते.
उतरेपर्यंत माझेच डोळे भरले होते.

इल्गानं चष्मा शोधला. कागद वाचला.
"अक्षर माझंच," म्हणाली.
कागद तर छापील होता.
मग बरण्या पुसता पुसता:
"चाचणीला एखादं घर लागायचं. मध्येच बंद पडणारं चालत नसे.
काढायचं विसरले असेन."
थोड्या वेळानं,
"किंवा असेलही कुणीतरी.
तेव्हा खूप कुणीतरी असायचे."
जाताना सफरचंदाचा मुरंबा दिला,
झाकण तेवढं परत आण म्हणाली,
या मापाची आता मिळत नाहीत.

बैठकीत विचारणा झाली:
एकोणीस. ठेवायची की गाळायची?
हिचा धनी कोण?
नव्या प्रणालीत बेवारस अटीला जागा नाही.
टेबलाभोवती सगळे आपापल्या कपात बघत बसले.
मी माझं नाव घातलं.
पडदा पुढे सरकेना. कारण द्या,
किमान दहा अक्षरं.
लिहिलं: का ते माहीत नाही, पण आहे.
चाललं.

फेब्रुवारीत नवी चालू झाली,
आठव्या दिवशी पहाटे आडवी पडली,
बाहेर उणे सोळा.
आत्येला हाका मारून उठवलं.
कुरकुरली, पण उठली.
अजून दोघी शेजारी शेजारी चालतात,
एकमेकींची बेरीज तपासत,
रोज दोन-तीन युरोंचा फरक,
तो कुणाचा हे गुंटिस शोधतोय.

झाकण द्यायचं राहिलंय.
कामांच्या यादीत टाकलंय मी,
प्राधान्य, कमी.