आगाऊ मत

माझी आई आगाऊ, हे अख्ख्या वडगावला ठाऊक.
मागावर असताना एकदा साडीचा काठ
मालकाला न विचारता बदलला होता तिनं.
त्यानं मजुरी कापली.
पुढच्या महिन्यात शहापूरहून बायका आल्या
तोच काठ मागत.

आता सत्त्याऐंशी. यंदा मतही आगाऊ.
पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी येऊन घेतात म्हणे,
फॉर्म भरावा लागतो. भरला.

शुक्रवारी पाच माणसं आली.
हिरेमठ टीचर, एक क्लार्क, एक पोलीस,
कॅमेरा धरलेला पोरगा,
आणि एक जण नुसता बघायला; बघणं हेच त्याचं काम.
चपला उंबऱ्याबाहेर. पोलिसाला बुटाची नाडी सुटेना.
शेजारचा यंत्रमाग खटक खटक चालूच,
त्यात टीचर ओरडून म्हणाल्या, "अज्जी, हेसरू?"
"अनसूया मुतगेकर. ओरडू नका, मला ऐकू येतंय."

जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला,
तेलाच्या जुन्या डागावर नेमका.
आई मला म्हणाली, "तू भाईर जा."
चौसष्ट वर्षांचा मी, तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो.
आतून ऐकू आलं,
"बटण कुठं हाय?"
"बटण नाही अज्जी, पेनानं खूण करायची."
"मग कुंई कोण करणार?"
कुणीतरी हसलं. बहुतेक तो नुसता बघणारा.

लहान पाकीट मोठ्यात गेलं, मोठं पेटीत.
डिंकाचा वास दुपारपर्यंत घरात होता.
तिथून ते लोक दोन घरं सोडून
कलावती मजुकर काकूंकडे गेले.
काकूंनी त्यांना कोकम सरबत पाजलं,
आमच्याकडं कुणी पाणीही विचारलं नव्हतं
हे आईनं मला संध्याकाळपर्यंत चारदा ऐकवलं.

रात्री नातवंडांचे फोन.
मेलबर्नहून रेणू म्हणाली, आमच्याकडं
दोन आठवडे आधीपासून देता येतं, आज्जी,
मी भाजी आणायला गेले तेव्हाच देऊन आले.
नाही दिलं तर दंड.
"दंड?" आई खूश झाली. "बरं करतात."
टालिनहून उमेश म्हणाला, मी कॉम्प्युटरवर दिलं,
आणि मुदत संपेपर्यंत बदलता येतं,
कितीदाही. शेवटचं धरतात.
यावर आई बोलली नाही.
फोन ठेवल्यावर मला म्हणाली,
"ते पेटीतलं पाकीट… असू दे."
कुणाला दिलं होतं, ते साठ वर्षांत तिनं
बाबांनाही सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटे काकू गेल्या.
झोपेतच. सरबताचा तांब्या अजून ओट्यावर पालथा होता.

मंगळवारी मतदान.
सातला आई इरकल नेसून दारात.
"आई, तुझं झालंय."
"माहीत हाय मला. रिक्षा बोलाव."

शाळेत सावलीतली रांग कुंपणापर्यंत.
रांगेनं वाट दिली तिला, म्हातारी म्हणून.
टेबलावरच्या तरुण क्लार्कनं यादी उलटली,
तिच्या फोटोशेजारी लाल शाईची खूण.
"निम्दु आगिदे अज्जी. तुमचं झालंय."
आईला कानडी वाचता येत नाही,
पण स्वतःचं नाव ती ओळखते,
जत्रेत शेजारच्यांचं पोर ओळखावं तसं.
तिनं त्यावर बोट ठेवलं. हलवलं. तीन ओळी खाली आणलं.
"आणि हिचं?"
कलावती मजुकर.
फोटोतल्या काकू रागावल्यासारख्या, चष्मा नसलेल्या.
तिथंही लाल खूण.
"यांचंही झालंय. यांना आणू नका उन्हात."
मी तोंड उघडलं. आईनं माझा दंड दाबला.
"मोजणार न्हवं पण?"
"मोजणार की, अज्जी. का नाही मोजणार?"

रिक्षात बसताना तिनं पदर सावरला,
ड्रायव्हरला म्हणाली, "सावकाश घे रे.
मजुकरांच्या दारात एक मिनिट थांबव."