बिरेक

कपाटात वेळापत्रक आहे अजून,
पट्टी लावून आखलेलं.
सात ते आठ गणित.
नऊ ते साडेनऊ निसर्ग.
निसर्गालाही मी अर्धाच तास दिला होता.

दाखला काढला त्या जूनमध्ये
रकान्यात लिहून मिळालं : पालकांची इच्छा.
इच्छा चार्वीची होती.
रकाना तेवढा पालकांचा.

चार महिने ती नुसती झोपली.
मग मुंग्या पाहिल्या. मग काहीच पाहिलं नाही.
मी सकाळी हात जोडून म्हणायचे,
ही तुझी. तू बघ.
आणि दुपारी अप्पा बळवंत चौकात
स्वाध्यायपुस्तिका चाळत उभी,
उसनं दिलेलं पातेलं
परत न्यायला आलेल्या शेजारणीसारखी.

मग कॅनॉल रोडला दाऊदभाईंचं सायकलचं दुकान.
घमेल्यात बुडवलेली ट्यूब,
बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायची.
आठव्या दिवशी त्यांनी मान न वळवता हात पुढे केला,
हिने न विचारता दहाचा पाना ठेवला त्यावर.
मी पलीकडे, रसाच्या गाड्याआड.
दहा, बारा, चौदा...
ओठ माझे हलत होते.

वासंतीमावशी फोनवर म्हणाली, पुढं काय?
माहीत नाही, म्हटलं.
अठरा वर्षं आठवीला शिकवलं,
हे वाक्य वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.
तोंडात बसेना,
पहिल्या दिवसाच्या कवळीसारखं.

मला वाटायचं, सोपवायचं म्हणजे डोळे मिटायचे.
इथं तर उघडे ठेवून
गप्प बसायला सांगितलंय.

काल तिने बिस्किटांचे रिकामे डबे मांडले ओळीने,
प्रत्येकावर चिकटपट्टी,
अक्षरं दुकानाच्या पाटीवरून उचललेली,
काने सगळे डावीकडे कललेले :
छर्रे. वायसर. बिरेक.

पर्समधलं लाल पेन
माझ्याआधी माझ्या बोटांना सापडलं.
टोपण निघालंसुद्धा.

"आई, बरोबरे ना?"

मी डबा उघडला.
ब्रेकची रबरं, झिजलेली एका कागदात,
अजून चालतील ती दुसऱ्या.
मधे पुठ्ठ्याची भिंत.

बरोबर आहे, म्हटलं.
आणि ते खोटं नव्हतं.

टोपण लावलं.
उद्या पुन्हा निघेल, मला माहीत आहे.
उद्याचं बळ
उद्या मागेन.