डावा कोपरा

थेटे सर वहीत गुण लिहीत नसत.
गुण मी लिहायचो, बाकावर बसून.
ते गुडघे लिहायचे.

दोनशे पानी वही, कव्हर गेलेली,
पोरामागे एक पान, तारीख घालून:
"सानप – उजवा. जिना उतरताना कट् वाजतो.
मौले – ठीक. पण बापाचे गेलेत, लक्ष ठेवणे.
तुंगार – खोटं सांगतो."

गिरणाऱ्याचा दगू थेटे,
डावा कोपरा.
चढाईला आलेल्याच्या तोंडाकडे
कधी बघितलं नाही म्हणे, फक्त घोट्याकडे.
तोंड फसवतं,
घोटा कुठं निघालाय ते आधी सांगून टाकतो.
बाजारात, लग्नात, मयतालासुद्धा
त्यांची नजर खालीच.
लोक म्हणायचे, माणूस लाजाळू आहे.

पकडीवर प्रेसात नोकरी लागली.
नाशिकरोडला दिवसभर न कापलेल्या नोटांचे ताव मोजायचे,
चारनंतर लाल माती.
किती लाख हाताखालून गेले, आठवत नाही म्हणायचे.
आठवायचा तो एक घोटा,
जळगावच्या उपांत्य सामन्यातला,
हातात आलेला, घट्ट,
आणि साखळीतला शेजारी
अर्धं पाऊल उशिरा आला.
तेवढ्यात गुडघा फिरला.
छाटणीच्या दिवसांत द्राक्षाची सुकी काडी मोडते
तसा आवाज.
घोटा सोडला नव्हता.
गुण मिळाला.

शेजाऱ्याचं नाव सरांनी कधी घेतलं नाही.
एकदा सिन्नरच्या स्पर्धेत
समोरच्या संघाचे प्रशिक्षक स्वतः खुर्ची घेऊन आले,
रुमालाने पुसली, सरांच्या मागे ठेवली,
काही न बोलता परत गेले.
तेव्हा आम्हाला कळलं.
सर बसले नाहीत.
दुसऱ्या डावात बसले.

प्रेसचा संघ मोडला, तसे ते गंगापूर रोडच्या कॉलेजात आले,
तासिका तत्त्वावर.
तासाला ठरलेले रुपये, मे महिन्यात शून्य.
पहाटे साडेपाचला, डिसेंबरात,
नळीने माती भिजवायचे,
तांदूळ निवडावेत तसे खडे वेचायचे,
आणि ओरडायचे:
"अरे, हात धर त्याचा!
फोटोत धरतोस तसा नको.
विहिरीत उतरताना धरतोस, तसा!"

पुढे मॅट आली, निळी-पिवळी.
खडे संपले.
तरी पहाटे सर वाकून
मॅटवरून हात फिरवताना दिसायचे.

सानप लीगमध्ये गेला.
दिवाळीला पांढऱ्या गाडीतून आला,
पोरं फोटोला चिकटली.
सर म्हणाले, "जिना उतरून दाखव."
ग्रंथालयाचा जिना, बावीस पायऱ्या.
सानप हसत उतरला.
अकराव्या पायरीपासून आमचं हसणं थांबलं,
खाली उभ्या माणसालाही ऐकू येत होतं.
"यंदा खेळू नको."
"सर, करार झालाय."
सरांनी खिशातून पेन काढलं,
तारीख घातली.
त्यापुढे काय लिहिलं ते हाताने झाकून घेतलं.

तासिकावाल्यांना निरोप समारंभ नसतो.
जूनमध्ये नाव लागलं नाही, एवढंच.
वही माझ्याकडे दिली,
"तू हिशोबाचा माणूस."

आता मी अंबडला बेअरिंगच्या कंपनीत,
तपासणी खात्यात.
वहीत माझंही पान आहे हे
बरेच दिवस मला माहीत नव्हतं.
तीन वर्षांत एकच ओळ, सुंदर अक्षरात:
"दोन्ही उत्तम. वापरले नाहीत."

चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे.
सकाळी जिन्याने उतरतो,
प्रत्येक पायरीवर कान देऊन.
काही वाजत नाही.