खालचा बाक

इमारतीच्या साउनात माझी पाळी गुरुवारी, सहा ते सात.
तीन बाक, एकावर एक.
मी कायम वरच्यावर, छताला डोकं टेकेल इतकी वर,
टाउनो गेला त्या आठवड्यातसुद्धा.
खालचा बाक पोरांचा. तिथं पोचते ती उरलीसुरली वाफ.

एकतीस वर्षं टपाल वाटलं मी इसाल्मीत.
उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात घसरगाडी:
एक पाय पट्टीवर, दुसऱ्यानं बर्फ मागं लोटायचा.
लोटणारा उजवा. तोच गेला.
लोकांच्या बातम्या वाहून झिजला, मी म्हटलं.
डॉक्टरीण म्हणाली, तसं काही नसतं. वय.

आदल्या दिवशी एका कागदावर सही घेतली.
खुब्यातला काढलेला गोळा
हाडांच्या पेढीत ठेवला तर चालेल का?
चालेल की. घरी नेऊन काय करू,
मुरंबा घालू?

मग घर. उंच केलेलं कमोडचं सीट,
पोटात टोचायच्या सुया, रोज एक,
दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, नवऱ्याच्या जागी म्हणा.
काटकोनाच्या खाली वाकायचं नाही.
पायावर पाय टाकायचा नाही.
रासमुस नावाचा पोरगा व्यायाम शिकवायला येतो,
जिन्यात माझ्या एक पायरी खाली उभा राहतो, हात पसरून,
जसं कुणी पडणारं कपाट धरावं.
"चढताना शहाणा पाय पुढं, हिल्का. उतरताना वेडा."
वेडा कुठला ते दिवसागणिक बदलतं, हे त्याला सांगत नाही.

आणि रोज अकराच्या सुमाराला
दाराच्या फटीतून टपाल पडतं. थप्प.
जमिनीवर.
विजेचं बिल, कोरसगटाचं पत्रक,
बहिणीचं पाकीट, तिच्या तिरक्या अक्षरातलं,
माझ्यापासून एका मोज्याइतकं लांब.
(मोजासुद्धा आता दोन फितींच्या यंत्रानं चढतो,
मासा गळाला लावावा तसा.)
चिमट्याची काठी पाकिटाला घट्ट धरत नाही.
पाकीट सरकतं. मी सरकते. पाकीट सरकतं.

एकतीस वर्षं मला त्या आवाजापलीकडचं माहीत नव्हतं.
आत पडलं की माझं काम संपलं.
तिसऱ्या मजल्यावरच्या लेम्पिआइनन बाई
माझी पावलं ओळखून दार उघडून उभ्या असायच्या,
"हातात दे गं."
मला वाटायचं, बोलायला माणूस हवं असेल.
मला उशीर व्हायचा. मी तोंडावर हसायचे
आणि एखाद्या दिवशी पावलं न वाजवता
फटीतून टाकून यायचे.

त्यांना जाऊनही वीस वर्षं झाली.

रात्री या कुशीवरून त्या कुशीवर वळता येत नाही,
तेव्हा त्या गोळ्याचा विचार करते.
कुओपिओत कुठंतरी, उणे ऐंशीच्या थंडीत,
वर नाव नाही, नुसता आकडा.
कधीतरी किसून घालतील
कुणाच्या तरी पोकळीत.
पत्ता मला कळणार नाही.
त्या माणसाला पाठवणारी कळणार नाही.
बर्फ लोटायची सवय त्या किसात उरते का,
हे विचारायचं राहूनच गेलं.

सहाव्या आठवड्यात परवानगी मिळाली.
काठ्यांच्या टोकांचे खिळे टिपेला लावून
अंगण ओलांडलं. नऊ मिनिटं. आधी दीड लागायचं.
खालच्या बाकावर चौपदरी टॉवेल टाकला, उंची यावी म्हणून.
आउनेची नात तिथं आधीच होती, आठ वर्षांची,
पळीभर पाणी दगडांवर टाकू का, विचारत.
मग माझ्या मांडीवरच्या व्रणाकडं बघून म्हणाली,
हे उघडतं?

नाही, मी म्हटलं. त्यातून आता काही आत टाकता येत नाही.

टाक पाणी.

वाफ आधी वर गेली, नेहमीसारखी.
मग थोडी
खाली आली.